संसदेने एआय ‘स्वीकारलं’ की ‘अवलंबलं’?

प्रश्न असा आला आहे: जगभरच्या संसदा कामकाजात कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणत आहेत. त्यावर लिहिताना संसदेने ती ‘स्वीकारली’ म्हणावं, ‘अंगीकारली’ की ‘अवलंबली’? तिन्हींचा अर्थ एकच ना?

एरवी जवळपास एकच. पण कर्ता संसद असली की ‘स्वीकारणे’ घोटाळा करतं. सभागृह दुरुस्ती स्वीकारतं, अहवाल स्वीकारतं. तिथे प्रस्ताव मांडला जातो, कौल घेतला जातो, नोंद होते. ‘संसदेने एआय स्वीकारलं’ हे वाचून मला आधी वाटेल, ठरावच झाला की काय! प्रत्यक्षात सचिवालयाने एखादं साधन वापरायला घेतलेलं असू शकतं आणि सभागृहात त्यावर अवाक्षरही निघालेलं नसतं.

‘अंगीकारणे’ आणखी भारदस्त. संविधानाच्या उद्देशिकेत ‘अंगीकृत आणि अधिनियमित’ आहे, तो थाट भाषण उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला कशाला? तसे स्वीकार आणि अंगीकार हे सख्खे भाऊ. आधी नव्हतं ते झालं, हे सांगायला संस्कृतात ‘च्वि’ प्रत्यय आहे. त्यानेच ‘स्व’चा ‘स्वी’ होतो, ‘अंग’चा ‘अंगी’. ‘शुद्धीकरणा’तला दीर्घ ‘द्धी’ही त्याचाच. म्हणजे परकं होतं ते आपलं करून घेतलं. एवढी जवळीक अजून फार थोड्या संसदांची झाली असेल.

उरला ‘अवलंब’. यातला ‘लंब्’ धातू लोंबण्याचा, आधार धरण्याचा. मराठीत आपण मार्ग, पद्धत, धोरण अवलंबतो. यंत्र अवलंबत नाही. त्यामुळे ‘एआय अवलंबलं’ कानाला खटकतं, ‘एआयच्या मदतीने इतिवृत्त तयार करण्याची पद्धत अवलंबली’ खटकत नाही. जपानच्या प्रतिनिधिगृहात २०११पासून हेच चाललं आहे: भाषणाचा कच्चा मसुदा यंत्र तयार करतं, माणसं तो तपासून नीट करतात. आता गंमत बघा, ‘अवलंबून’ हा शब्दही याच घरचा. आंतरसंसदीय संघाने, म्हणजे देशोदेशींच्या संसदांच्या जागतिक संघटनेने, डिसेंबर २०२४मध्ये संसदांसाठी एआयबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत माणसाच्या देखरेखीवर भर आहे. अवलंब चालेल, अवलंबून राहणं नको, असा तो मामला. मराठीला ही कोटी आयतीच मिळाली आहे!

माझं मत विचाराल तर बातमीत सरळ ‘वापरू लागल्या’ लिहा: ‘इतिवृत्त लिहिण्यासाठी, दुरुस्त्यांची वर्गवारी करण्यासाठी संसदा एआय वापरू लागल्या आहेत.’ एखाद्या सभागृहाने एआयच्या वापराची नियमावली रीतसर मंजूर केली, तर मात्र ‘नियमावली स्वीकारली’ अगदी चोख. आणि हो, ‘संसदा’ हे अनेकवचन बिनदिक्कत वापरा. ‘परिषद–परिषदा’ चालतं, तसंच हे.