गाडीच्या क्रोमसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पाण्याचे पांढरे डाग बसलेत, काही केल्या निघत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी सांगलीत विश्रामबागला सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, दुपारनंतर ऊन लागतं, आणि धुणं-पुसणं सगळं बोअरच्या पाण्यावर चालतं. पुढच्या जाळीवर, दारांच्या हँडलवर आणि डिकीवरच्या पट्टीवर पांढरे गोल डाग धरलेत. शाम्पू झाला, टूथपेस्ट झाली, डब्ल्यूडी-फोर्टी हा तेलकट स्प्रे मारल्यावर थोडे दिवस झकास दिसलं आणि पुन्हा जैसे थे. आता कुणी तरी टॉयलेट क्लीनर सुचवलंय, ते लावू का, असं विचारताय.

नका लावू. बाकीचं उत्तर सवडीनं वाचा, पण हे एवढं आधी ऐका.

माझं सांगली-मिरज रस्त्याला गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं काम आहे. टॉयलेट क्लीनर लावलेल्या पट्ट्या घेऊन लोक येतात, तेव्हा बहुतेकांना "मालक, आता पट्टीच बदला" एवढंच सांगता येतं. वाईट वाटतं, कारण डाग जाण्यासारखा असतो आणि पट्टी मात्र हकनाक जाते.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. ही पट्टी आतून एबीएस नावाच्या प्लास्टिकची असते. त्यावर आधी तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम असे थर चढवतात. तांबं-निकेल मिळून साधारण २० ते ३० मायक्रॉन, कधी त्याहून जास्तही भरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि ज्या क्रोमियमच्या चमकीसाठी हे सगळं केलं, त्याचा थर अर्ध्या मायक्रॉनच्याही आत, बऱ्याचदा ०.३ मायक्रॉनच्या आसपास असतो. क्रोमियम धातू म्हणून अतिशय कडक आहे, सहजासहजी ओरखडा घेत नाही, पण थरच इतका कमी की घासायला तिथं फारसं काही नाहीच. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्रोमियम सरळ खातं. पहिल्यांदा लावल्यावर डाग गायब होतो, माणूस खूश होतो. मग काही दिवसांत पट्टी किंचित पिवळट आणि मंद दिसायला लागते. ते खालचं निकेल असतं. त्यावर पुन्हा क्रोम चढवायचं कुठलंही पॉलिश बाजारात मिळत नाही.

आता डागाचं. तो मळ नाही, क्षार आहे. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच. कृष्णाकाठच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं उसाला पाणी जास्त झालं, जमिनी क्षारपड झाल्या, आणि तेच क्षार विहिरी-बोअरच्या पाण्यात आले. आपल्याकडच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, १००० असलेलं एक लिटर पाणी आटवलं तर तळाला जवळजवळ एक ग्रॅम क्षार उरतो. गाडीवर राहिलेला प्रत्येक थेंब उन्हात असाच आटतो आणि आपला वाटा तिथं ठेवून जातो. थेंब कडेकडून सुकत येतो, म्हणून डागाची कड जाड आणि मध्य फिका दिसतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा थेंब, पुन्हा थर. शाम्पूनं तो निघणार नाही, कारण शाम्पू तेल-धूळ काढतो, चुना विरघळवत नाही. डब्ल्यूडी-फोर्टीनं डाग गेला नव्हता, तेलाच्या पापुद्र्याखाली दिसेनासा झाला होता. तेल उडालं, डाग दिसला. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, तिचं आणखी काही करू नका.

चुन्याला उपाय सौम्य आंबट. घरात पांढरं व्हिनेगर असेल तर उत्तम. किराणा दुकानात मिळणारं साधं व्हिनेगर साधारण ४ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं असतं, त्यात तेवढंच पाणी घाला. नसेल तर ढोकळ्याला वापरतात ते लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, चहाचा एक सपाट चमचा एका पेल्यात विरघळवा. मला स्वतःला लिंबूसत्त्व जास्त आवडतं. वास नाही आणि कामही नीट करतं.

पण हात लावायच्या आधी पट्टी कसली आहे ते बघा. कंपनीतून आलेली जाळीवरची पट्टी बहुतेक वर सांगितली तशी खरी प्लेटिंगची असते. बोटाला जरा गार लागते, नखानं टिचकी मारली तर आवाज कडक येतो, आणि कडेला पाहिलंत तर चमक मागच्या बाजूपर्यंत वळून गेलेली दिसते. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून नंतर चिकटवलेले हँडलचे कव्हर, आरशाच्या टोप्या, यांच्यातल्या पुष्कळशा नुसत्या धातूच्या वाफेचा मुलामा देऊन वर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलेल्या असतात. त्यांचा वरचा पृष्ठभाग खरं तर लॅकरचा, त्यामुळे बारीक चरे चटकन दिसतात आणि कडेला पापुद्रा सुटतो. या दुसऱ्या जातीवर थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल चुकूनही नको. अ‍ॅसिटोन तर लॅकरच काय, खालचं एबीएससुद्धा विरघळवतं. आणि काचेखालची लांब पट्टी कित्येक गाड्यांत प्लास्टिकची नसतेच, स्टेनलेस स्टीलची असते. ती जरा जास्त सोसते. काही परदेशी बनावटीच्या गाड्यांत तीच पट्टी अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची असते, ती मात्र आम्ल आणि अल्कली दोन्हीला नाजूक. कशाचीही असो, आधी खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर करून बघायचं.

काम सकाळी, सावलीत, पट्टी हाताला गार लागत असताना करा. दुपारी उन्हातली पट्टी इतकी तापते की लावलेलं पाणी बघता बघता सुकतं आणि आंबटही तिथंच सुकून नवा डाग धरतं. आधी भरपूर पाणी मारून धूळ काढा, मग शाम्पूनं धुवा. ही पायरी गाळू नका. गळीत हंगामात, दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळा लागेपर्यंत, साखर कारखान्याच्या भोवती राहणाऱ्यांच्या गाड्यांवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख पडते. ती दिसायला मऊ, पण तिच्यात सिलिका असते, आणि कोरड्या फडक्यानं पुसली की तीच चरे पाडते.

मग कापसाचे बोळे किंवा जुन्या सुती बनियनचे तुकडे त्या आंबट पाण्यात बुडवून, ओघळणार नाहीत इतपत पिळून, डागांवर नुसते ठेवा. घासायचं नाही. दोन-तीन मिनिटं थांबा, सुकायला लागलं तर वरून थेंब सोडा. बोळा उचलून नीट जवळून पाहिलंत तर डागाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. क्षारातला कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. बुडबुडे आले म्हणजे निम्मं काम झालं. मऊ मायक्रोफायबरनं एकाच दिशेनं हलकं पुसा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा. उरलं तर पुन्हा ठेवा. वर्षाचा थर असेल तर एका बैठकीत निघत नाही. तेव्हा आंबटाचा जोर वाढवू नका, खेपा वाढवा. गाडीच्या नावाच्या अक्षरांच्या खाचा आणि जाळीचे कोपरे इअरबडनं करा. ब्रश घ्यायचाच असेल तर लहान मुलांचा मऊ घ्या.

खाली पोर्चमध्ये शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर आधी ती ओली करा आणि काम झाल्यावर पाणी ओता. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, व्हिनेगर ठिबकलं तर त्यांची पॉलिश उडते. आणि ब्लीचिंगच्या पाण्याच्या बादलीत हे कधी मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

इतकं करून बहुतेक डाग जातात. जे राहतात त्यांचं काय, हा खरा प्रश्न.

राहिलेल्या डागावरून नख हलकं फिरवा. उंचवटा लागला तर अजून काही तरी बसलेलं आहे. आपला सगळा भाग बेसाल्टचा, काळ्या पाषाणाचा, त्यामुळे इथल्या भूजलात थोडं सिलिकाही असतं, आणि सिलिकावर व्हिनेगरचा काही उपयोग होत नाही. तिथं पॉलिश लागतं, पण गाडीच्या रंगावर शेवटचा हात फिरवायला जे सगळ्यात बारीक फिनिशिंग पॉलिश मिळतं तेवढंच. वाटाण्याएवढं मायक्रोफायबरवर घ्या, एका बोटाच्या जोरानं, तळहाताएवढ्या भागात. मशीन नको. पितळेची भांडी चमकवायचं पॉलिश नको, तारेची घासणी नको, पॉलिश पेपर कितीही बारीक नंबरचा असला तरी नको. जुन्या मोटारसायकलच्या लोखंडी क्रोमवर बारीक स्टील वूल चालतं हे खरं, पण तो थर आणि प्लास्टिकवरचा थर यांची बरोबरी नाही. पट्टी आधी स्वच्छ धुतलेली असूनही फडक्यावर राखाडी-काळं उतरायला लागलं, तर तिथंच थांबा. तो मळ नाही, धातू येतोय.

नखाला काहीच लागत नसेल आणि तरी डाग दिसत असेल, तर तो वर बसलेला नाही, पृष्ठभागच खराब झालाय. लॅकर पांढरं पडलं असेल तर एकदा हलकं पॉलिश करून बघा, फरक पडला तर पडला. पिवळट झाक, हिरवट ठिपके, फुगे किंवा सुटलेला पापुद्रा दिसला तर त्यावर काहीही चोळण्यात अर्थ नाही. अशा पट्ट्या बऱ्याच गाड्यांत नुसत्या क्लिपांवर किंवा दुतर्फी टेपवर बसवलेल्या असतात आणि सुट्या मिळतात. अख्खी जाळी बदलायची घाई करू नका, पट्टी वेगळी येते का ते पार्ट नंबर सांगून विचारा.

तुमचे डाग पांढरेच आहेत, म्हणून हे तुम्हाला लागू नसावं, पण तासगाव-मिरजेकडचे द्राक्षबागायतदार हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. बागेच्या कडेला गाडी उभी असताना बोर्डोची फवारणी झाली की निळसर-पांढरे ठिपके पडतात. त्यात मोरचूद आणि चुना दोन्ही असतं. ते वाळू देऊ नका, त्याच दिवशी पाणी मारा. वाळले असतील तर वर सांगितलेलंच लिंबूसत्त्वाचं पाणी चालतं, फक्त धुताना पाण्यात हात आखडता घेऊ नका आणि फडकं पुन्हा दुसरीकडे वापरू नका.

आता डाग परत बसू नयेत म्हणून. पाणी बदलता येत असेल तर शेवटचं पाणी तेवढं बदला. सगळी गाडी बोअरच्या पाण्यानं धुतली तरी चालेल, पण पट्ट्या आणि काचा शेवटी तांब्याभर चांगल्या पाण्यानं विसळा. महापालिकेचं कृष्णेचं पाणी बोअरपेक्षा बरं. त्याहून चांगलं एसीचं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फडक्यातून गाळून बाटलीत भरून ठेवा. आरओचं शुद्ध पाणीही उत्तम. पण एक बघतो मी, बरेच लोक पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या दुसऱ्या नळीचं, टाकाऊ पाणी गाडीला वापरतात. हेतू चांगला आहे, पण आरओनं बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला, संडासाला वापरा, गाडीला नको.

डाग निघाल्यावर पट्टी पूर्ण कोरडी करून तिच्यावर गाडीचं वॅक्स किंवा सीलंट पातळ लावा आणि पुसून घ्या. त्यानं डाग बसायचे थांबत नाहीत, पण क्षार धातूला घट्ट धरत नाही आणि पुढच्या वेळी नुसत्या ओल्या फडक्यानं सुटतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावा, पावसाळ्याच्या तोंडावर तर जरूर.

आणि तुमच्याकडे सकाळी बादली घेऊन गाड्या पुसायला जो मुलगा येत असेल, त्याच्याशी एकदा बोला. एका बादलीत सात-आठ गाड्या होतात, शेवटच्या गाडीला त्या पाण्यात काय उरत असेल ते बघा. त्याला एक वेगळं कोरडं मायक्रोफायबर घेऊन द्या आणि सांगा, क्रोमवर ओलं फडकं फिरवलं की लगेच हे फिरवायचं. तो ऐकतो. आजवर त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.