मामांनी कपाटात लाडू लपवले होते

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीहून लिहितेय. माझे सासरे, आम्ही मामा म्हणतो त्यांना, वय ६८, शुगर १२ वर्षांपासून, सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी असते. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे ५ ला उठले, सवयीने गोळी घेतली, मग तेल-उटणं, आंघोळ, कारीट फोडणं, पूजा, पोरांचे फटाके, सगळं होऊन फराळाला बसायला साडेआठ वाजले आणि तेवढ्यात त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं पण अडखळायला लागलं. शेजारच्या काकूंनी गोड चहा पाजला, पंधरा-वीस मिनिटांत बरे झाले. पण घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आदल्या रात्री लाडू खाल्ला म्हणून शुगर वाढली, आणि आत्यांनी (सासूबाईंनी) घाबरून डबेच कुलपात ठेवले. चार दिवसांनी कपडे ठेवताना मला कपाटात मामांच्या बंडीच्या घडीखाली पेपरात गुंडाळलेले दोन बेसन लाडू सापडले, पेपरला तूप सुटलेलं. मी कुणाला बोलले नाही. आता परत दिवाळी आलीय, आत्या म्हणतात एकपण द्यायचा नाही, नणंदा म्हणतात सणाला काय होतंय, आणि मी मधे. काय करू?

उत्तर : आधी महत्त्वाचं सांगते. त्या दिवशी कुणी मोजली नाही, पण मामांची शुगर वाढलेली नव्हती, बहुतेक पडलेली होती. घाम, थरथर, अडखळणं, आणि गोड चहाने पंधरा मिनिटांत बरं वाटणं, ही शुगर लो झाल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आहे की नाही ते ती बघत नाही, त्यामुळे ५ ला गोळी आणि साडेआठला पहिला घास हे मधले साडेतीन तास धोक्याचे होते. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. म्हणून दिवाळीच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना भेटा, गेल्या वर्षीचं सगळं सांगा आणि सरळ विचारा की फराळ उशिरा असेल त्या दिवशी गोळी कधी घ्यायची. मनाने वेळ बदलू नका, आणि आज गोड खाल्लंय म्हणून जास्तीची गोळी तर अजिबात देऊ नका.

घरात ग्लुकोमीटर असू दे, पट्ट्यांची एक्सपायरी बघून घ्या. आकडा ७० च्या खाली आला की तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत बघायचं, अजून खालीच असेल तर परत तेवढंच, आणि मग जेवण. त्या वेळी लाडू देऊ नका, तुपामुळे साखर रक्तात जायला उशीर लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, तडक दवाखाना.

आता लाडूचा हिशोब करू. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, साधारण पावणेचारशे ग्रॅम पिठीसाखर, यात ४० ग्रॅमचे सत्तावीस-अठ्ठावीस लाडू होतात. म्हणजे एका लाडवात साखर १४ ग्रॅमच्या आसपास, तीन चमचे धरा, तूप ९ ग्रॅम, आणि कॅलरी दोनशेच्या थोड्या वर. हे विष नाही हो, पण रिकाम्या पोटी दोन लाडू, वर करंजी, वर साखरेचा चहा असं झालं की मग आकडा चढतोच. त्यामुळे मामांना सकाळी आधी मुगाचं धिरडं किंवा मटकीची उसळ पोटभर द्या आणि त्यावर एक छोटा लाडू, सगळ्यांसोबत, ताटात. लाडू वळतानाच त्यांच्यासाठी लिंबाएवढे वेगळे वळून ठेवा. नंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात नाहीतर गल्लीत चालू दे. दोन तासांनी शुगर बघा, १८० च्या आत राहिली तर तो लाडू त्यांना सोसला, नाही राहिली तर डॉक्टरांना तो आकडा दाखवा.

गुळाचे लाडू करून फसू नका, गुळाने पण शुगर वाढतेच. विकतच्या शुगर-फ्री मिठाईत बहुतेकदा खवा आणि तूप असतंच. आणि तुमच्या सांगलीचं भडंग, ते तळलेलं नाही म्हणून वाटीवर वाटी जातं, पण कुरमुरे म्हणजे तांदूळच, शिवाय मीठ, त्यामुळे ते पण एक वाटी मोजूनच.

पण तुमच्या पत्रातला तो तूप सुटलेला पेपर माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. स्वतःच्या घरात ६८ वर्षांच्या माणसाला लाडू चोरून खावा लागतोय, आणि चोरून खाल्लेलं कुणाला कळत नाही, मोजलं जात नाही, त्यावर गोळीचा मेळ बसत नाही, म्हणजे कुलपाने आत्यांना हवं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं. आत्यांची भीती खरी आहे, त्यांना दोष देऊ नका, त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या म्हणजे ऐन सणात गोळी आणि घास यांचं गणित त्या स्वतःच्या कानाने ऐकतील. भाऊबीजेला मामा बहिणींकडे जात असतील तर आधीच फोन करून सांगा की ओवाळून झाल्यावर अर्धी करंजी पुरे, नाहीतर ताटावर बसल्यावर आग्रह मोडवत नाही कुणाला. आणि दिवाळी संपली की उरलेले डबे पंधरा दिवस घरात फिरवत ठेवू नका, वाटून टाका. खरं खाणं त्या पंधरा दिवसांत होतं, येता जाता, उभ्या उभ्या.

प्रश्न : मी २४ वर्षांची, पुण्यात जॉब करते. सहा महिन्यांत ६ किलो कमी केलंय आणि आता दिवाळीला लातूरला घरी जायचं टेन्शन आलंय. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस फक्त लिंबूपाणी घेऊन डिटॉक्स केलं तर चालेल का?

उत्तर : नको गं. लिव्हर आणि किडनी ते काम रोज करतातच, आणि दोन दिवस उपाशी राहून घरी पोचलीस की समोर दिसेल ते खाशील. चकली-चिवडा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काट्यावर किलोभर जास्त दिसलं तर ते बहुतेक मिठाने धरलेलं पाणी असतं. एक किलो चरबी वाढायला साडेसात हजारांच्या वर जास्तीच्या कॅलरी लागतात, म्हणजे वरच्या हिशोबाने रोजच्या जेवणावर साधारण ३७ लाडू. तेवढे तू चार दिवसांत खाणार नाहीस. तिकडे काट्यावर उभी राहू नकोस, आठवड्याने पुण्यात आल्यावर बघ. फक्त एक विचारते, पाळी वेळेवर येतेय ना? आणि खाल्ल्यावर सारखं अपराधी वाटणं, लपून उलटी काढणं असं काही होत असेल तर डाएट बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना भेट, आईला पण सांग.