शुगर नाही, मग इन्सुलिन कशाला?

प्रश्न : ताई, माझे मिस्टर 41 वर्षांचे, हिंजवडीत आयटीत आहेत. परवा रात्री पोटात इतकं दुखायला लागलं की 2 वाजता रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, निघाला, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 2,800. त्यांना शुगर कधीच नव्हती तरी इन्सुलिनची ड्रिप चालूय आणि दर तासाला बोट टोचतात, पाणीसुद्धा देत नाहीत. डॉक्टर म्हणतात उद्या खायला सुरू करू, डाएटिशियन म्हणतात तेल-तूप अजिबात नाही, शिफ्टगणिक सिस्टर नवीन. सासूबाईंनी काल गुपचूप दोन चमचे पेज भरवली. मी ऐकू तरी कुणाचं?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : आधी ती पेज. आजच ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगून टाका, फार तर थोडं बोलणी खाल. पण नाही सांगितलं आणि रात्री उलटी झाली किंवा दुखणं वाढलं तर डॉक्टरांना वाटणार आजारच वाढला, आणि तपासण्या नको त्या दिशेला जाणार.

आता इन्सुलिन. ते इथे साखरेपेक्षा चरबीसाठी दिलंय. ट्रायग्लिसराइड साधारण 150 च्या आत हवं, 1,000 च्या वर गेलं की स्वादुपिंड सुजायचा धोका वाढतो, आणि तुमच्याकडे तर 2,800! अशा पेशंटचं रक्त काढलं की ट्यूब थोडा वेळ उभी ठेवली तर वर दुधाच्या सायीसारखा थर येतो, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सॅम्पलच बिघडलं असं वाटलेलं मला. इन्सुलिनमुळे रक्तातली ही चरबी फोडणारं एन्झाइम जोरात कामाला लागतं. पण त्यानं साखर खाली जाऊ शकते म्हणून सोबत ग्लुकोजचं सलाइन, म्हणूनच दर तासाला टोचणं, आणि पोटॅशियमही उतरतं म्हणून ते तपासायला रक्त वेगळं काढतात. घाम सुटला, हात थरथरले, असंबद्ध बोलायला लागले तर पुढच्या तासाची वाट बघायची नाही, लगेच बेल दाबायची.

डॉक्टर आणि डाएटिशियन भांडत नाहीयेत हो. कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतात, काय द्यायचं ते डाएटिशियन. हल्ली पेशंटला दिवसेंदिवस उपाशी ठेवत नाहीत, उलट्या थांबल्या, दुखणं कमी झालं की थोडं थोडं सुरू करतात, फक्त या प्रकारात चरबी अगदी कमी.

गोंधळ होतो तो शिफ्ट बदलताना. एका सिस्टरनं दुसरीला सांगताना एखादी गोष्ट राहिली की पुढचे 6-8 तास ती राहतेच. त्या वेळी जमलं तर बेडजवळ थांबा, एक साधी वही ठेवा आणि विचारा, आज ट्रायग्लिसराइड किती, तोंडानं काय चालेल, दहापैकी दुखणं किती. ट्रायग्लिसराइडचा आकडा 500 च्या खाली आणायचा असतो, तोवर रोज तो वहीत उतरवा. लघवी बाथरूममध्ये ओतून देऊ नका, मोजायची असते. पहिल्या दोन दिवसांत सलाइन पुरतंय का हे तिच्यावरून बरंच कळतं, आणि मदत म्हणून ती ओतून टाकणारे नातेवाईक मी ढिगानं पाहिलेत.

घरी गेल्यावर तूप-तेल सगळ्यांच्या लक्षात राहतं, दारू आणि गोड मात्र राहत नाही. भेटायला येणारे ज्यूसचे खोके घेऊन येतात, त्यातली साखरही ट्रायग्लिसराइड वाढवते, मिठाई तर सोडाच. गोळ्या दिल्या तर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आपणहून बंद करायच्या नाहीत. आणि डॉक्टरांना विचारून मुलांची, दिरांची लिपिड टेस्ट, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या, हे घराण्यात असू शकतं. तीन महिन्यांची सरासरी साखरही एकदा बघायला सांगा, कधी कधी डायबेटिस पहिल्यांदा इथेच सापडतो.

सासूबाईंवर चिडू नका. लेक उपाशी झोपलाय हे बघवत नाही हो आईला. सिस्टरला विचारून ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसायचं काम त्यांच्याकडे द्या.