घरच्यांच्या आग्रहाने स्पर्धा परीक्षा देतोय, पण हे आपलं काम नाही असं वाटतं. मग आपलं काम कोणतं ते कसं ओळखायचं?

बी.ई. मेकॅनिकल झाल्यावर मीही सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, अभ्यासिकेत खुर्ची धरून दोनदा राज्यसेवा दिली. दोन्ही वेळा पूर्वपरीक्षेतच गारद. सांगलीला परतलो आणि कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला लागलो. वडील एसटीत कंडक्टर. 'पोरगा मार्गाला लागला' एवढ्यावर घर खूश होतं.

एकदा गल्लीतल्या भजनी मंडळाचा तंबोरा बोलेनासा झाला, म्हणून तो घेऊन मिरजेला गेलो. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कारागिराने घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवली, तार छेडली, ऐकलं, पुन्हा घासलं. असं तासभर. मग तंबोरा एकदम गुंजायला लागला.

याला जवारी काढणं म्हणतात. घोडीचा माथा अगदी सपाट नसतो, किंचित उताराचा असतो. तार त्याला निसटती टेकते म्हणून तो झंकार उठतो. केसभर जास्त घासलं की आवाज मेला, मग पुन्हा पहिल्यापासून. कारखान्यात मी दिवसभर मायक्रोमीटर घेऊन बसायचो. इथे सगळं माप कानात.

पुढच्या रविवारी काही काम नसताना गेलो. मग दर रविवारी. पहिलं वर्षभर त्यांनी जवारीला हात लावू दिला नाही. तंबोऱ्याचे वाळलेले भोपळे आतून खरवडायचे आणि पॉलिश पेपर मारायचा, बस्स. बोटं सोलवटायची, नाकात धूळ जायची, पण कंटाळा येत नव्हता. माझ्या मते खूण हीच. चमकदार भाग काय, सगळ्यांनाच आवडतो. गाणं मलाही आवडतं, पण पलटे घोटायला बसलो की पंधराव्या मिनिटाला हात मोबाईलकडे जातो. म्हणजे मी गवई नाही, हेही तिथेच कळलं.

तेव्हा 'माझी आवड काय' असा विचार करत बसू नका. कशातलं रटाळ काम तुम्ही कुणी न सांगता करता, ते बघा.

आणि लगेच सगळं सोडा म्हणणाऱ्यांपासून जरा लांब राहा. वसंतराव देशपांड्यांनी वीसेक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. मी तर यांच्या पासंगालाही पुरणार नाही. सातव्या वर्षी नोकरी सोडली, तीही घराचे हप्ते फिटल्यावर. आजही पगाराएवढे पैसे सुटत नाहीत, आणि पावसाळ्यात लाकूड दमट झालं की डोक्याला ताप वेगळाच.

आई अजून पाहुण्यांना 'कंपनीत आहे' असंच सांगते. बाबा मात्र रिटायर झाल्यापासून दुपारी डबा घेऊन दुकानात येतात, कोपऱ्यात बसतात. तार छेडली की मान हलवतात. कधी कधी बेसूर असतानाही हलवतात.