अंबडच्या शेडमध्ये रॉकेटचे काम घेण्यापूर्वी

आपल्या नाशिकच्या अंबडमधील सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रांच्या) शेडमध्ये रॉकेट इंजिनाचे सुटे भाग करण्याचा तुमचा विचार आहे, तर नव्या यंत्राआधी कागदपत्रांची शिस्त लावून घ्या. वाहनउद्योगात नमुना तपासून अख्खा लॉट पास होतो. येथे प्रत्येक नगामागे कच्च्या मालाचा हीट नंबर (धातू कोणत्या वितळणीतला ते सांगणारा क्रमांक), उष्णोपचाराची नोंद आणि मोजमापाचा अहवाल लागतो, आणि त्यातला एक कागद हरवला तर निर्दोष नगही भंगारात जातो.

इन्कोनेलसारख्या निकेल मिश्रधातूवर टूल न कापता नुसते घासत राहिले, तर पृष्ठभाग कडक होऊन पुढच्या फेरीला इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची) धार उडते. म्हणून फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) भीत भीत कमी करू नका. आतील छिद्रांच्या काठांवर बर (कापताना उरलेली धातूची कुसळे) तर मुळीच ठेवू नका, कारण इस्रोच्या सीई-२० सारख्या रॉकेट इंजिनात उणे १८३ अंशांच्या आसपासचा द्रव ऑक्सिजन वाहतो आणि त्याच्या मार्गात राहिलेला धातूचा कण किंवा कटिंग ऑइलचा अंशही आग लावू शकतो.

मागणी वाढेल यात मला शंका नाही. अग्निकुलसारख्या खासगी कंपनीने मे २०२४ मध्ये थ्रीडी मुद्रित इंजिनावर चाचणी उड्डाण केले आहे. मात्र १९९० च्या दशकात हाती घेतलेला रॉकेटचा स्वदेशी क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणारा) टप्पा यशस्वी व्हायला २०१४ उजाडले, आणि बँकेचा हप्ता इतका धीर धरत नाही, तेव्हा जुनी गिऱ्हाइके सोडू नका. सुरुवातीला ओझरच्या विमान कारखान्याचे काम करणाऱ्या एखाद्या मुरलेल्या पुरवठादाराकडून उपकंत्राट घ्या; तपासनीस नेमके कशावर बोट ठेवतो, ते तेथेच कळेल.