पंचिंगसाठी कम्प्युटर कसा घ्यावा?

प्रश्न: गेली बरीच वर्षं मी मशीनवर भरतकाम करते, डिझाइन मात्र बाहेरून पंच करून, म्हणजे चित्राची मशीनला कळणारी टाक्यांची फाइल बनवून, आणते. आता ठरवलंय की पंचिंग स्वतः शिकायचं. घरात एक जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, १४ इंची स्क्रीन. दुकानदार म्हणतो ग्राफिक कार्डवाला मोठा कम्प्युटर घ्या, भाचा म्हणतो मावशी मॅक घे, आणि एक मैत्रीण म्हणते पेन टॅब्लेट नसेल तर पंचिंग जमणारच नाही. मी पार गोंधळून गेलेय. नेमकं काय घेऊ?

उत्तर: ताई, तिघांचंही थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण कम्प्युटर हा यातला तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तुमची मशीन कुठली फाइल वाचते. दुसरा, ती फाइल बनवणारं कुठलं सॉफ्टवेअर तुम्ही शिकणार आहात. या दोन्हीची उत्तरं मिळाली की कम्प्युटर जवळपास आपोआप ठरतो.

मशीन ताजिमा पद्धतीची असेल तर डीएसटी, ब्रदरची घरगुती असेल तर पीईएस, जानोमेची असेल तर जेईएफ. या तिन्ही प्रकारच्या फाइल बहुतेक सगळी सॉफ्टवेअर बनवून देतात, त्यामुळे खरा फरक सॉफ्टवेअरनेच पडतो. विलकॉम शिकायचं असेल तर ते विंडोजवर चालतं, आणि २०२० नंतर आलेल्या मॅकमध्ये ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर यायला लागलाय, त्याच्यावर विंडोज बसवून हे चालवायची खटपट नव्याने शिकणाऱ्याने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॅकच हवा असेल तर एम्ब्रिलियन्स आहे, आणि इंकस्केपमध्ये बसणारं इंक-स्टिच तर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. तुम्ही आधी ते घरच्या जुन्या लॅपटॉपवरच टाकून महिनाभर हात बसवा, मग खरेदीचं बघू.

आता ग्राफिक कार्ड. डीएसटी फाइलमध्ये एका टाक्याला फक्त ३ बाइट लागतात, म्हणजे २०,००० टाक्यांचं भरगच्च डिझाइन घेतलं तरी फाइल साधारण ६० केबीची होते, मोबाइलने काढलेल्या एका फोटोएवढ्या जागेत अशी पन्नासएक डिझाइनं सहज मावतील. गेमला किंवा व्हिडिओ एडिटिंगला जे कार्ड लागतं त्याचं इथे काही काम नाही, प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक पुरतं. सध्याचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम (८ वरही चालतं, पण सोबत ब्राउझर आणि फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं की रखडतं) आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, झालं. वाचलेले पैसे मॉनिटरवर घाला.

मॉनिटरवर मी एवढा जोर का देते ते सांगते. सॅटिन, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ टाकलेले टाके, भरताना टाक्यांच्या दोन ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असतं. २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा एक ठिपका ०.२८ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे डिझाइन खऱ्या मापात बघितलं तर दोन ओळींमध्ये जेमतेम दीड ठिपका येतो, त्यात काय दिसणार? म्हणून आपण सतत झूम करून काम करतो. पूर्वी डिजिटायझिंग बोर्डवर (कागद लावून त्यावरचे पॉइंट कम्प्युटरला देणाऱ्या पाटीवर) पंचिंग व्हायचं तेव्हा चित्र सहापट मोठं करून कागदावर काढून घ्यायचे, त्याचं कारणही हेच. सहापट झूमवर पाच सेंटीमीटरचं फूल तीस सेंटीमीटरचं होतं, १४ इंची स्क्रीनवर टूलबार आणि रंगांच्या पट्ट्या जाऊन उरलेल्या जागेत ते अख्खं मावतच नाही, मग सारखं सरकवत बसायचं आणि पाकळीचा टाका कुठल्या दिशेने चाललाय याचं भानच सुटतं. लॅपटॉप घेतलात तरी २४ इंचाचा मॉनिटर जोडाच. आयपीएस पॅनल बघा, बाजूने बघितलं तरी चित्र नीट दिसतं. अगदी अचूक रंग दाखवणारा महागडा मॉनिटर मात्र नको, डीएसटीत रंग साठवलेलेच नसतात, रंग शेवटी धाग्याच्या शेडकार्डवरूनच ठरतो.

मॉनिटर लावल्यावर एक काम आठवणीने करा. सॉफ्टवेअरमध्ये १०० मिलिमीटरची रेघ काढा, झूम १०० टक्के करा आणि खरी पट्टी स्क्रीनला लावून मोजा. रेघ ९२ किंवा १०८ भरली तर स्क्रीनचं माप सेट करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते का बघा, ती वापरा. नाहीतर ५ मिलिमीटर उंचीचं देवनागरी अक्षर स्क्रीनवर छान दिसतं आणि कापडावर शिरोरेषा न् 'ळ'ची गाठ एकमेकांत घुसून नुसता गोळा होतो.

मैत्रिणीचा टॅब्लेट चित्र काढायला उत्तम. पण पंचिंगमध्ये आपण रेघ ओढत नाही, पॉइंट टाकतो, विलकॉममध्ये डावं क्लिक कोपऱ्याला, उजवं क्लिक वळणाला, आणि पेनचा दाब कमीजास्त होण्याचा इथे काही उपयोग नसतो. चांगला, हाताच्या मापाचा माउस घ्या. माझा एक माउस जुना होऊन एका क्लिकला दोनदा क्लिक करायला लागला होता, सॅटिनचे पॉइंट समोरासमोर जोडीने पडतात, एक पॉइंट जास्तीचा पडला की पुढच्या सगळ्या जोड्या सरकतात आणि पट्टी पिळल्यासारखी दिसते. मी दोन दिवस माझ्या शिकण्यातच चूक शोधत होते, रडकुंडीला आले होते, माउस बदलला आणि सगळं सुरळीत.

स्कॅनरची घाई नको. कागदावरचं चित्र ३०० डीपीआयने स्कॅन केलं की भागतं. फक्त बरेचसे चपटे, हलके स्कॅनर काचेला टेकलेला भागच स्पष्ट घेतात, उठावदार जुनी कशिदाकारी त्यात धूसर येते. तिचा फोटो बरोबर वरून, कॅमेरा सरळ धरून काढा आणि शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप हातात राहतं. आणि यूपीएस घ्या, तासभर केलेलं काम वीज गेल्यावर पुन्हा तसंच्या तसं जमत नाही.

प्रश्न: नवा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला, कम्प्युटरवर डिझाइन दिसतं, पण माझी जुनी मशीन ड्राइव्ह वाचतच नाही. मशीन बिघडली का?

उत्तर: बहुतेक नाही, घाबरू नका. जुन्या मशीन फ्लॉपीच्या काळातल्या सवयीच्या, मोठा ड्राइव्ह त्यांना झेपत नाही. घरात जुना २ किंवा ४ जीबीचा पडला असेल तो शोधा, त्यातलं काही हवं असेल तर आधी काढून ठेवा आणि मग फॅट-३२मध्ये फॉरमॅट करा, बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किती जीबीपर्यंत चालतो ते लिहिलेलंही असतं. फाइल फोल्डरमध्ये न टाकता सरळ बाहेर ठेवा आणि नाव इंग्रजी अक्षरांत, आठ अक्षरांच्या आत द्या, आपण हौसेने मराठीत 'मोर' लिहिलेलं तिला कळत नाही. आणि हो, ड्राइव्हवर फक्त मशीनची फाइल न्या, सॉफ्टवेअरची मूळ फाइल कम्प्युटरवर आणि अजून एका ठिकाणी जपून ठेवा. उद्या गिऱ्हाईक म्हणालं हाच मोर थोडा मोठा हवा, तर डीएसटी नुसती ताणली की टाके विरळ पडायची भीती असते, मूळ फाइल मोठी केली की सॉफ्टवेअर टाके नव्याने मोजून भरतं.