ड्रोनचा व्यवसाय करण्यासाठी राज्य सरकारचा वेगळा परवाना लागतो का?

उड्डाणासाठी तसा परवाना लागत नाही, कारण हवाई क्षेत्र हा केंद्राचा विषय असून ड्रोनची नोंदणी, वैमानिकाचे प्रमाणपत्र आणि उड्डाणाला कुठे किती मोकळीक आहे हे दाखवणारी हिरवी, पिवळी, लाल क्षेत्रे हे सारे 'ड्रोन नियम, २०२१' नुसार ठरते. विमानतळापासून दूरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीही लागत नाही. मात्र २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवेच.

राज्यांचा वाटा प्रोत्साहनाचा आहे. हिमाचल प्रदेश व गुजरात यांनी २०२२ मध्ये स्वतंत्र धोरणे आणली, तर महाराष्ट्राने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने ड्रोन मिशन हाती घेतले. माझ्या मते, धोरणाच्या कागदापेक्षा सरकारी खात्यांकडून मिळणारे मोजणीचे व फवारणीचे काम नवख्या व्यावसायिकाला अधिक तारते. स्थानिक पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश (मुंबईत ते वरचेवर निघतात) उड्डाणाआधी अवश्य पाहावेत.